शून्याच्या मागची सुई

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय बाबा,

साष्टांग नमस्कार. मी इथे मजेत आहे, तुम्हीही सगळे मजेत असाल. (असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तुम्ही मजेत नाही हे ताईनं कळवलंय, त्याकडे येतेच.)

हल्ली फोनवर तुम्ही "बरं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. पत्र तसं देऊन टाकता येत नाही, म्हणून हा खटाटोप. दुपारचे पाव भट्टीत गेले की पिठाच्या पोत्यावर टेकून सावकाश वाचा.

आधी बातम्या. अभ्यास ठीक चाललाय. खोलीची खिडकी आता लागते, सुतारानं तासून दिली. माझ्या रूममेटला सगळे जिराफ म्हणतात. ती बास्केटबॉल खेळते, आणि फळीवरचं काहीही काढायचं असलं की मी फक्त बोट दाखवते.

आणि मुख्य बातमी म्हणजे, मी जेवते. चांगली चापून. बारीक व्हायचं खूळ डोक्यात आहेच, पण आता रीतसर. प्रोटीन कुठे कुठे लपलेलं असतं ते शोधणं हा जिराफचा आणि माझा नवा उद्योग. खिडकीत तीन बरण्या आहेत: भिजवलेले हरभरे, मोड आलेले मूग, भाजलेले शेंगदाणे. सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी डाळ वाटीनं नाही, वाडग्यानं, आणि वर दही. परवा सोयाबीनचे गोळे नीट न भिजवता खाल्ले आणि दिवसभर आमची पोटं एकमेकींशी बोलत होती.

हे सगळं शिकवलं मेसच्या मावशींनी. त्याआधी मी काय करत होते ते सांगायचं टाळत होते, पण आता सांगते. बिनदुधाचा चहा आणि काकडी. पंधरा दिवस. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मी फोन उचलला नाही आणि सबमिशन होतं म्हणाले, ते खोटं होतं. आदल्या दिवशी लॅबच्या जिन्यावर मला चक्कर आली. जिराफनं मला उचलून मेसमध्ये नेलं. मावशींनी समोर अंडी ठेवली, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, उपाशी राहून माणूस बारीक नंतर होतं, आधी चिडकं होतं."

ते ऐकून मी रडले, कारण चिडून बोलायचं ते मी आधीच बोलून बसले होते. तुम्हाला.

वाढदिवसाला तुम्ही मला बेकरीतल्या काट्यावर उभं केलंत, दरवर्षीसारखं. सत्तावन्न. कोठीच्या दाराआड खडूनं लिहिलंतही. दहा दिवसांनी इथल्या जिमच्या काट्यावर उभी राहिले तर बासष्ट! त्या दहा दिवसांत मी दुसरं काय केलं होतं? तुम्ही दिलेला लोण्याच्या बिस्किटांचा डबा फस्त केला होता. झालं, खापर फोडायला जागा सापडली. फोनवर तुम्ही विचारलंत, पुढचा डबा कधी पाठवू, आणि मी म्हणाले, "नका पाठवू. तुमच्या मैद्यानंच माझी वाट लावली."

तुम्ही "बरं" म्हणालात. दुकानात गिऱ्हाइकं होती, मला मागे ऐकू येत होती.

ताई लिहिते, तेव्हापासून तुम्ही चहाबरोबर बिस्किट घेत नाही. डॉक्टरांना विचारून आलात म्हणे, मैदा खरंच इतका वाईट का. तीस वर्षं पहाटे उठून मैदा मळणाऱ्या माणसाला मी हा प्रश्न विचारायला लावला. बाबा, ते वाचल्यापासून मला स्वतःची लाज वाटते.

आता पुढचं वाचताना पोत्यावरून पडू नका.

काल प्रॅक्टिकल होतं. मॅडमनी तराजूवर रिकामी बशी ठेवली आणि आकडा शून्यावर आणला. म्हणाल्या, आता पदार्थ घाला, म्हणजे बशीचं वजन मोजलं जाणार नाही. माझ्या शेजारणीनं चुकून बशीच उचलली, आणि आकडा शून्याच्या खाली गेला. उणे.

मला एकदम आपला काटा दिसला. रिकामा असताना त्याची सुई शून्याच्या मागे असते, आठवतं? लहानपणी मी विचारलं होतं, ही मागे का? तुम्ही म्हणाला होतात, "दमलीय, टेकलीय जरा." ती दमलेली नाही, बाबा. पिठाचं मोठं पातेलं वर ठेवलं की नेमकं पीठच मोजलं जावं, म्हणून तुम्हीच तिला मागे सारलंय. पातेलं पाच किलोंचं. आणि मी दरवर्षी पातेल्याशिवाय उभी राहत आले.

मी भर वर्गात इतकी हसले की मॅडमनी बाहेर काढलं. बाहेर जाऊनही हसत होते.

म्हणजे मी बासष्टच होते. तुमच्या बिस्किटांनी माझं काही केलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरीच झाली नव्हती. आणि हो, त्याच काट्यावर उभं राहून "सत्तर, फक्त सत्तर" म्हणत मिशीला पीळ देणारे तुम्ही पंच्याहत्तर आहात. आईचं मी सांगणार नाही. सुट्टीत आले की सांगेन, चपला पायात ठेवून.

वजन आजही बासष्टच आहे. पण चार मजले न थांबता चढते, आणि काल जिराफला पंजा लढवून हरवलं. तिचा हात लांब असल्यानं ती हरली असं तिचं म्हणणं आहे.

मला माफ करा, बाबा. माफ केलंत हे फोनवर सांगू नका, तुम्ही पुन्हा नुसतं "बरं" म्हणाल. ताई म्हणते, मला पाठवायचा पुढचा डबा तुम्ही धुऊन उपडा ठेवलाय. तो सरळ करा. अर्धा लोण्याच्या बिस्किटांनी भरा, होती तशीच, लोण्याची काटकसर नको. उरलेल्या अर्ध्यात मावशींनी सुचवलेली करून बघा: हरभऱ्याचं पीठ, अंडी, शेंगदाण्याचं कूट, साखर बेतानं. बिघडली तरी जिराफ खाते.

आणि दाराआडचे माझे आकडे पुसू नका. प्रत्येकाशेजारी पाच जास्तीचे लिहा. चहा घेता घेता लिहिलंत तरी चालेल, पण बशीत बिस्किट हवं.

तुमची,
पातेलं बाजूला ठेवून बासष्ट किलोंची,
लेक