स्नेहलच्या पदवीचा हिस्सा

मी, नेमिनाथ देवगोंडा नेजे, वय ७२, धंदा रक्त-लघवी तपासणी, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाची बळजबरी नसताना, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते लिहून ठेवतो. मला साखर आहे. डोके ठीक आहे.

१. ता. ३ मार्च २०२१ रोजी केलेले मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात पुढील वाक्य आहे : 'मुलगी स्नेहल हिच्या उच्च शिक्षणासाठी मुरगूड येथील प्लॉट विकला असल्याने तिचा हिस्सा तिला पोचला आहे, सबब राहत्या घरात तिचा हक्क नाही.' हे वाक्य मुलगा वृषभ याने सुचवले. लिहिले मी.

२. पत्नी सीताबाई २०१७ साली वारली. वारस दोनच, वृषभ आणि स्नेहल. घर मी स्वकष्टाने बांधले आहे.

३. लॅबमधील सूक्ष्मदर्शक, सेंट्रिफ्यूज, फ्रिज व तपासणीचे यंत्र स्नेहलला द्यावे. लॅब देता येत नाही. गाळा भाड्याचा आहे, आणि रिपोर्टवर सही डॉक्टरची लागते.

मी डिप्लोमावाला. माझ्या रिपोर्टवर पहिल्यापासून दुसऱ्याची सही. स्नेहल बारावी झाली तेव्हा समाजाच्या गुणगौरव समारंभात एका पाहुण्याने सांगितले की बायोकेमिस्ट्री घेणाऱ्याला नोकरी शोधत फिरावे लागणार नाही. मी पहिल्या रांगेत होतो. मला वाटले, ही एम.एस्सी. झाली की रिपोर्टवर घरची सही येईल. तिला फार्मसीला जायचे होते. मी कोणाला विचारले नाही. तेव्हा पंचवीस वर्षे ज्या धंद्यात होतो त्यातले कोणाला विचारायचे, असे वाटले. एम.एस्सी.ची सही चालत नाही हे ती पुण्याहून पास होऊन आल्यावर कळले. त्या पाहुण्याला मी माफ केलेले नाही. त्याने सहीबद्दल काही सांगितले नव्हते, हेही खरे.

आज ती जयसिंगपूरहून, सासरहून, रोज येते. रक्त काढते, तपासते, रिपोर्ट करते. संध्याकाळी डॉक्टर येतात, चहा घेतात, न वाचता सह्या करतात. एकदा तिने त्यांना पोटॅशियमचा आकडा पुन्हा बघायला सांगितला. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही बघितलंय न्हवं? मग झालं की."

४. स्कूटर व बँकेतील ठेव वृषभला. तो कॉलेज सोडून पंपाच्या दुकानात बसला. त्याचे बरे चालले आहे. त्याच्यावर माझा राग नाही. तो बोलतो ते तोंडावर बोलतो.

५. या भाऊबीजेला जेवणानंतर त्याने वर लिहिलेले वाक्य स्नेहलला वाचून दाखवले. म्हणाला, "तो प्लॉट आज चाळीस लाखाला गेला असता. तेवढं घातलंय आप्पांनी तुझ्यावर."

स्नेहल ताटे उचलत होती. म्हणाली, "प्लॉटची किंमत आजची धरलीस न्हवं दादा? मग डिग्रीचीबी आजची धर."

"डिग्रीला कुठं किंमत असती व्हय?"

"मग ज्याला किंमत न्हाय ते माझ्या वाट्यात कशाला घालतोस?"

वृषभ हसला. "शिकल्याचा उपयोग झाला बघा आप्पा, बोलायला आलं." तीही हसली.

६. त्यानंतर मी ती किंमत काढून पाहिली. घराला सरकारमान्य मूल्यांकनकार मिळतो. पदवीला मिळत नाही. फी, वसतिगृह, खानावळ यांच्या पावत्या माझ्याकडे आहेत. त्या फक्त खर्च सांगतात. स्नेहलच्या वर्गातली एक मुलगी हैदराबादला औषध कंपनीत मोठ्या पगारावर आहे. पदवी तीच. ती जागा आधी स्नेहलला आली होती. तेव्हा सीताबाई अंथरुणाला खिळली होती आणि मी स्नेहलला कोल्हापुरात बोलावून घेतले. तीन वर्षे तिने आईचे केले. ही तीन वर्षे खर्चाच्या बाजूला मांडायची की मिळकतीच्या, ते मला ठरवता आले नाही. बेरीज झाली नाही.

७. सबब पदवी कोणाच्याही हिश्श्यात धरू नये. राहते घर वृषभ व स्नेहल यांना निम्मे निम्मे, पूर्ण मालकीने.

८. मी गेल्यावर वर्षाच्या आत स्नेहल आपला निम्मा हिस्सा हक्कसोडपत्राने भावाच्या नावे करील, हे मला आताच दिसते. हे मी तिला तोंडावर विचारले. म्हणाली, "तुम्ही दिलं आप्पा, मला पोचलं. पण दादाशी बोलणं तुटलं तर माहेर म्हणून जायचं कुठं?"

तिला हिस्सा सोडता येऊ नये असे कलम घालावे, असे मी वकील ऋतुराज चौगुले यांना सांगितले. ते म्हणाले, "काका, अशी अट टिकत न्हाय. एकदा दिलं की तिचं. विकायला मोकळी, सोडायलाबी मोकळी."

मी दुसऱ्या दिवशी जाऊन पुन्हा विचारले. त्यांनी तेच सांगितले. म्हणून ते कलम या मृत्युपत्रात नाही.

वाचून, समजून सही केली.

नेमिनाथ देवगोंडा नेजे

ठिकाण : कोल्हापूर
तारीख : १८ नोव्हेंबर २०२५

त्यांनी आमच्यासमोर व आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या :
१. बाळासो केरबा सुतार, शाहूपुरी
२. राजवर्धन आदगोंडा मगदूम, कुरुंदवाड