डिश ७-ब

९ जानेवारी, बारामती
रजा संपली, लॅबला आले. दम्याच्या झटक्याने आबा, माझे वडील, गेले त्याला आज तेरा दिवस. इनक्युबेटर उघडायचं जिवावर आलं होतं. दिवाळीत भवानीनगरला घरी गेले तेव्हा त्यांच्या नाकात ब्रश मीच फिरवला होता, प्रयोगाला पेशी हव्यात म्हणून. "गुदगुल्या व्हत्यात की गं!" मायक्रोस्कोपला डोळा लावला. पेशींवरचे बारीक केस हलतायत. एका लयीत, श्वासनळीतली धूळ बाहेर ढकलतात तसे. आबा गेल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नाही.

१२ जाने.
घरी आबांचं पुण्यानुमोदन झालं, बुद्धवंदना आणि जेवण. भांडी आवरताना आबांचा दम्याचा पंप सापडला. रोज घ्यायचा तो. १२० पैकी ११६ शिल्लक. आई म्हणाली, "बरं वाटतंय तर कशाला, सवय लागती, म्हनायचे. तूच म्हनली हुतीस, स्टिरॉइड वाईट."
मी म्हणाले होते. गावातल्या वैदूच्या पुडीतल्या गोळ्यांबद्दल. पंपातही स्टिरॉइडच, म्हणून आबांनी त्यालाही तेच लावलं. माझ्यामुळे.

१६ जाने.
काल आबांच्या पेशींच्या दोन्ही डिशमध्ये सूज आणणारं द्रव्य टाकलं. मग ७-अ ला स्टिरॉइड. ७-ब तशीच, तुलनेला. आज सूज मोजली. अ शांत. ब पेटलेली.
म्हणजे आबांना लागू पडलं असतं.

१९ जाने.
आई हट्टाने आली. डोळा लावून बराच वेळ बसली.
"ह्ये त्यांचंच?"
"होय."
"आन् ह्या बशीला औषध न्हाय?"
"ही बिनऔषधाची ठेवायची असते."
"का?"
आई ब वर वाकली. "वाईच दम धरा," म्हणाली.

२१ जाने.
ब शांत झालीय. पुन्हा मोजलं, शांतच. वहीत डोस नाही, पण स्टिरॉइडच्या बाटलीत एक डोस कमी. औषधांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते. आई बाटलीला शिवलीही नाही, मी शेजारीच होते. मी घातला असेल तर आठवत कसं नाही? औषध कुठवर आहे तिथे बाटलीवर पेनाने खूण केली.

२३ जाने.
सर म्हणाले, "सात नंबर बिघडलाय. टाकून द्या." पेशी मारायला ब्लीच काढलं. शेवटचं म्हणून ब पाहिली, केस हलत होते. वहीत 'नष्ट केली' लिहिलं, सही केली, आणि ब झाकण लावून परत आत ठेवली.
मग बाटली पाहिली. औषध खुणेच्या खाली गेलंय. आजचा डोस झालेला आहे.