विरजणाएवढा थेंब

आई, आज लॅबमध्ये सगळ्यांच्या आधी आले आहे आणि एक पाकीट चिकटवायचं सोडून तुला लिहीत बसले आहे. तू गेलीस तेव्हा मी शाळेत होते, त्यामुळे मी काय काम करते ते तुला कधी सांगताच आलं नाही. सकाळी दारावर येणाऱ्या पदेराचा पाव ज्यानं फुगतो त्या यीस्टमधलं एक प्रथिन मला हवं असतं. ते मी जिवाणूंकडून करून घेते. त्यांच्या पोटात डीएनएचं एक इवलंसं वर्तुळ घालायचं, त्याला प्लास्मिड म्हणतात. मग जिवाणू ते प्रथिन मुकाट तयार करतात. मुकाट कसले! कित्येक महिने प्रथिनाच्या नुसत्या गुठळ्या तळाशी बसायच्या, सगळं फुकट. प्लास्मिड बदलत बदलत शेवटी मी ते जमवलं.

आता तेच प्लास्मिड दुसऱ्या शहरातल्या एका बाईंनी मागितलं आहे. त्यांची लॅब मोठी, काम याच प्रथिनावर. एकदा त्यांनी भर सभेत माझी खिल्ली उडवली होती. माझी नोकरी कंत्राटी. शोधनिबंध छापून आला तरच ती टिकेल. त्यांनी माझ्याआधी छापलं तर मी संपले. पण मागितलं की द्यायचं ही आमच्यातली रीत, मलाही मूळ प्लास्मिड कुणीतरी असंच दिलं होतं. आमच्या लॅबचे सर म्हणाले, "तू केलंयस, तूच ठरव."  तेव्हापासून रोज संध्याकाळी फ्रीझरमधून प्लास्मिडची बारकी नळी काढते, बाहेर दिवे लागलेले दिसतात आणि परत ठेवते. मनाशी म्हणते, दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत.

आठवतं? पेडण्याचं आपलं स्वयंपाकघर, तिन्हीसांजेची वेळ. दारात शेजारीण उभी आहे, हातात रिकामी वाटी. हद्दीवरच्या काजूच्या झाडावरून तुमचं बोलणं बंद. तिचं विरजण नासलंय आणि परवा घरात बारसं. तू चुलीकडे बघतच म्हणतेस, "दिवो लायलो गे. आतां दिवंक जायना." ती गेली. बरी जिरली, असं मला वाटलं. तू मात्र रात्री दोनदा उठून विरजणाचं झाकण काढून बघितलंस. उजाडल्याबरोबर वाटी भरून तूच तिच्याकडे निघालीस, तोंड आवळलेलं. मी आडवी आले तर डाफरलीस, "झगडें तिच्याकडे. विरजणाकडे न्हय. कुशीक सर!"

टिपकागदावर पेन्सिलीनं गोल आखून मी त्यात प्लास्मिडचा थेंब सोडला आहे. आमच्याकडे हे असंच टपालानं जातं. थेंब वाळला की पाकीट बंद करीन. भीती गेलेली नाही, रागही तसाच आहे. हे पत्र मात्र चुकूनही त्या पाकिटात जायला नको, कारण त्यात एक गोष्ट आहे जी बाईंना कळायला नको. थेंब मी जरा लहानच घातला. त्यांचं काही अडणार नाही, विरजणासारखंच हेही थोडं पुरतं. पण तू वाटी काठोकाठ भरली होतीस.