बेड नंबर नऊचा चार्ज

प्रिय छोटी,

तुझं पत्र येऊन सहा दिवस झाले. रोज ते पर्समध्ये घालून ड्यूटीवर नेते आणि संध्याकाळी तसंच घरी आणते. तू थोडंच लिहिलं आहेस. येत्या सोमवारच्या आत ‘आरोप मान्य’ या कागदावर सही करून तो पाठवायचा, म्हणजे चौकशी संपेल, तुझी नोकरी जाईल आणि सगळ्यांची सुटका होईल, असं तुला सांगण्यात आलं आहे. त्याआधी तू मला एक गोष्ट विचारली आहेस. तिचं उत्तर देणार आहे, पण आधी थोडं इकडचं बोलू दे. तुला माहीतच आहे, अवघड ड्रेसिंग असलं की मी आधी पेशंटशी इकडचं तिकडचं बोलत बसते. तू हसायचीस त्याला.

वॉर्डला रंग दिला. हिरवा होता तो आता फिका निळा झाला आहे आणि सगळे पेशंट आणखीच आजारी दिसतात. औषधांचं कपाट हलवलं. त्याच्या दाराच्या आतल्या बाजूला तू चिकटवलेली यादी रंगारी ओरबाडून काढणार होता, त्याआधी मी ती ब्लेडने सोडवून घेतली. एक कोपरा फाटला. मावशी अजून कधीकधी दोन वाजता चहाचे कप मांडताना तुझाही कप मांडतात आणि मग जीभ चावून तो परत उचलतात. तुझ्या जागी एक मुलगी आली आहे. कामाला चांगली आहे. पाळी बदलताना मी तिला बेडजवळ उभं राहून, प्रत्येक फाईल उघडून, बोट ठेवून चार्ज देते. तिला वाटतं मी फार शिस्तीची आहे. मावशींना ती म्हणाली, या बाई झोपेत पण चार्ज देत असतील.

ती यादी आता माझ्यासमोर आहे. वर तुझ्या अक्षरात लिहिलंय, ‘आमचे सगळे चार्ज’. आपला दिवस त्या एका शब्दावरच चालायचा. मी इनचार्ज. दोन वाजता तू माझ्याकडून चार्ज घेणार. कोपऱ्यातले बरे झालेले आजोबा डिस्चार्जच्या आशेवर सकाळपासून बूट घालून बसलेले. त्यांच्या नातवाचा चार्जर आपल्या टेबलाच्या सॉकेटमध्ये आणि आपलं बीपीचं मशीन बंद. त्यावर वैतागून तू तिथे कागद लावला होतास, ‘इथे फक्त पेशंट चार्ज होतात’, आणि मेट्रनबाईंनी तो फाडून तुला अर्धा तास सुनावलं होतं. बाहेर येऊन तू म्हणालीस, ताई, बाई आज पूर्ण चार्ज होत्या.

मग मास्तर आले. पायाच्या शिरेत गुठळी झालेली, उठायला बंदी. आयुष्यभर इंग्रजी शिकवलेलं आणि आता समोर वर्ग नाही. तिसऱ्याच दिवशी त्यांनी आपल्याला पकडलं. ‘अगं पोरींनो, दिवसभर चार्ज चार्ज करता, तो शब्द आला कुठून ते तरी कधी विचारा.’ तू म्हणालीस, ‘मास्तर, तो येतो कुठून ते जाऊ दे, तो देऊन आम्ही घरी कधी जातो एवढंच आम्हाला पडलंय.’ ते इतके हसले की मी त्यांना गप्प केलं. त्या दिवसापासून मी मोठी सिस्टर झाले आणि तू छोटी. घरचं नाव तुला मग कोणी उरूच दिलं नाही.

मास्तरांच्या बायकोने, काकूंनी, दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी धरून तो जाडजूड शब्दकोश आणला. मास्तर रोज दुपारी एक अर्थ सांगायचे आणि तू तो यादीत घालायचीस. मुळात चार्ज म्हणजे गाडीवर माल लादणं, एवढंच. मग जहाजावरच्या मालाला कार्गो म्हणतात तो त्याचा चुलतभाऊ. एखाद्याचं नाक-कान वाजवीपेक्षा जास्त लादून काढलेलं चित्र, कॅरिकेचर, तेही त्याच घरातलं. हे ऐकल्यावर तू तापाच्या तक्त्यामागे मेट्रनबाईंचं चित्र काढलंस. बंदुकीत दारू भरली तर चार्ज. माणसावर गुन्हा लादला तरी चार्ज. बैल अंगावर धावून आला तरी तोच शब्द, तेव्हा तू विचारलंस, यात माल कुठे आहे? मास्तरांनी कोश परत उघडला. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘कोशात अर्थ दिलाय, कारण दिलेलं नाही. तुझ्यासारखी एक वर्गात असती तर मी लवकर रिटायर झालो असतो.’

यादीतला शेवटचा अर्थ मात्र तुझ्या अक्षरात नाही. तो त्यांनी स्वतः, यादी कपाटाला लागण्याआधी, उशीवर वहीचा आधार घेऊन लिहिला आहे. सांभाळायला दिलेलं मूल. दाईकडे सोपवलेल्या बाळालाही इंग्रजीत तिचा चार्ज म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. मग स्वतःच्या छातीवर बोट टेकवून म्हणाले, ‘म्हणजे नऊ नंबरवर झोपलाय तो म्हातारा तुम्हा दोघींचा चार्ज. जपून न्या.’ हे बुधवारी. शुक्रवारी ते घडलं आणि शनिवारी सकाळी मास्तर गेले.

त्या शुक्रवाराबद्दल आपण दोघी कधीच बोललो नाही. आज मी सांगते, सगळं, क्रमाने. आदल्या दिवशी माझ्या चष्म्याची काडी तुटली होती आणि तू तो दुकानात टाकला होतास. शुक्रवारी सकाळची पाळी मी चष्म्याशिवाय काढली. गोळ्यांची नावं मावशींकडून वाचून घेतली, इंजेक्शनची बाटली डोळ्यापासून हातभर लांब धरली. मास्तरांना सकाळी काळी शौच झाली होती, म्हणजे पोटात कुठेतरी रक्तस्राव होत असण्याची शक्यता. मी ते डॉक्टरांना कळवलं. दुपारी दीडला त्यांचा फोन आला, की रक्त पातळ करायचं संध्याकाळचं इंजेक्शन देऊ नका, उद्या रक्त तपासू आणि मग ठरवू. फोनवरची ऑर्डर लगेच फाईलमध्ये लाल शाईने लिहायची, वेळ टाकायची, सही करायची. हे तुला मीच शिकवलं. पण त्या रकान्याच्या रेघा मला दिसत नव्हत्या. म्हटलं, छोटी येईलच अर्ध्या तासात, बेडजवळ तिला सांगेन आणि तिच्याकडूनच लिहून घेईन.

तू वीस मिनिटं उशिरा आलीस. धापा टाकत आलीस, काही सांगायला तोंड उघडलंस आणि मी तुला बोलूच दिलं नाही. मावशींसमोर, पेशंटच्या नातेवाइकांसमोर मी म्हणाले, ‘तुला वॉर्ड म्हणजे मावशीचं घर वाटतं का? आलीस तर आलीस.’ तुझं तोंड एवढंसं झालं. राग अजून उतरला नव्हता, म्हणून मी बेडजवळ गेलेच नाही. पर्स खांद्याला लावली आणि टेबलावरूनच चार्ज दिला. चार नंबरचं सलाईन संपत आलंय, सातचे टाके उद्या, बाकी सगळं फाईलप्रमाणे. दोन मिनिटं लागली असतील. जिन्यात मला बरंही वाटलं, की बसली चांगली. घरी जाऊन किल्ली काढायला पर्समध्ये हात घातला तर वर चष्म्याची डबी. दुरुस्त केलेला, काचा पुसलेला चष्मा. तू कधी ठेवलास कळलंच नाही. मी पाणी प्यायला गेले होते तेव्हा ठेवला असशील. तुला उशीर झाला होता तो त्या दुकानात.

तो चष्मा लावून मी त्या दिवशी कपड्यांच्या घड्या केल्या, भाजी निवडली, पेपर वाचला. फोनची ऑर्डर मला आठवली ती सात वाजता. तेव्हा तुझं सहाचं इंजेक्शन देऊन झालं होतं, फाईलप्रमाणे. मी वॉर्डला फोन लावला आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. दिलंच असेल तर आता काय उपयोग, आणि एका इंजेक्शनाने काय होतंय, असं मी स्वतःला सांगितलं. उपयोग होता, छोटी. डॉक्टर अर्ध्या तासात आले असते. पुढे तेच म्हणाले, की त्या एका इंजेक्शनामुळेच रक्तस्राव वाढून मास्तर गेले असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. या वाक्याला धरून मी बरेच दिवस झोपले. आता ते वाक्यही झोप आणत नाही.

चौकशीच्या खोलीत आपण शेजारी बसलो होतो. समोर तिघं, मध्ये पाण्याचा जग. त्यांनी तुला विचारलं, डॉक्टरांचा निरोप तुला मिळाला होता का? तू म्हणालीस, मला आठवत नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लिहिलं नाही ही चूक मी कबूल केली, चष्म्याचं कारण दिलं. आणि चार्ज देताना तोंडी सांगितलं होतं का, या प्रश्नावर मी हो म्हणाले. तू वळून माझ्याकडे पाहिलंस. त्या नजरेत राग असता, संशय असता, तर मी कदाचित तिथेच कोसळले असते. पण तुझी मान हळूच हलली, जणू मी तुला एखादी हरवलेली गोष्ट शोधून दिली होती. तू त्यांना म्हणालीस, ‘ताई म्हणतेय म्हणजे सांगितलंच असणार. माझंच लक्ष नसेल.’ मला लेखी समज मिळाली. तुला चार्जशीट मिळालं. यादीत तो अर्थ तू स्वतःच्या हाताने लिहिला होतास, बंदुकीच्या खाली.

आणखी एक राहिलं. पंधरा दिवसांनी काकू शब्दकोश न्यायला आल्या होत्या. तू तेव्हा घरी निघून गेली होतीस. त्या म्हणाल्या, ‘छोटीला सांगा, माझा तिच्यावर राग नाही. यांचे शेवटचे दिवस तिच्यामुळे हसण्यात गेले.’ मी हो म्हणाले. तोही निरोप मी तुला दिला नाही. दिला असता तर तू रडली असतीस, मला फोन केला असतास, आणि मला तुझ्याशी बोलावं लागलं असतं.

आता तुझं पत्र. तू लिहितेस, ‘ताई, मला टेबल आठवतं, तुझा हात पर्सच्या पट्ट्यावर होता तो आठवतो, चार नंबरचं सलाईन आठवतं. पण तू मास्तरांचं जे सांगितलंस ते शब्द काही केल्या आठवत नाहीत. तू नेमकं काय म्हणाली होतीस ते एकदा लिहून पाठव. ते डोक्यात बसलं की मी सही करेन.’ आणि खाली, ओळ संपल्यावर, बारीक अक्षरात, की हल्ली आई तुला दूध तापवायला सांगत नाही, भाऊ तुझ्या हातात घराची किल्ली देत नाही. तू स्वतःच त्यांना तसं सांगून ठेवलं आहेस. आठ महिने तू स्वतःचं डोकं तपासत बसली आहेस, आणि ते डोकं त्या दिवशी माझ्या डोक्यापेक्षा जास्त ठिकाणावर होतं. तुला सगळं आठवतंय, छोटी. शब्द न् शब्द. जे आठवत नाही ते मी बोललेच नव्हते.

आज सकाळी हे सगळं लिहून, सही करून मी मेट्रनबाईंना दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, आणि फक्त एवढंच म्हणाल्या, ‘आठ महिने?’ पुढे काय होईल ते होईल. दिल्यावर हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही वाटलं नाही. मास्तर परत येणार नाहीत, आणि तू या वॉर्डात, या माणसांत पुन्हा पाऊल ठेवावंस असं म्हणायला मला तोंड नाही. माफी मागत नाही, ती देण्याचं ओझं तुझ्यावर कशाला. पण त्या कागदावर सही करू नकोस. हे पत्र त्यासाठी आहे, आणि जे त्या शुक्रवारी दोन वाजता बेडजवळ उभं राहून मी तुला द्यायला हवं होतं ते आज देण्यासाठी. बेड नंबर नऊ. मास्तर, पायात गुठळी. सकाळी काळी शौच, एकदा. डॉक्टरांचा फोन, दुपारी दीड. संध्याकाळचं इंजेक्शन द्यायचं नाही. रात्रभर लक्ष ठेवायचं, काही वेगळं दिसलं तर लगेच कळवायचं. काकूंचा निरोप, छोटीवर राग नाही. चष्मा मिळाला. तुला उशीर झाला नव्हता.

तुझीच,
मोठी