आधी विसर्ग

सर,

परवा ऑफिसात एका नव्या मुलीनं विचारलं, "प्रोग्राममधल्या या नावाआधी कोलन कशाला?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "विसर्ग आहे तो." ती हसली. मला मात्र नवघरची दुकानावरची ती खोली, आपलं तेव्हाचं ऑफिस, आठवली. खिडकीत तुमचा येशू, आणि त्याच्या शेजारी तुम्हीच जागा करून दिलेला माझा गणपती.

नव्वदचं दशक सरत आलेलं. गावच्या मराठी शाळेतून, तालुक्याच्या कॉलेजातून आलेला मी पेणकरपाड्याला मामाकडे राहतोय. साहेबांनी बजावलंय, शनिवारी रक्तपेढीचा प्रोग्राम चालला तर नोकरी, नाहीतर गाव. प्रोग्राम सी भाषेत. त्यानं रक्तगट विचारायचा आणि डेटाबेसमधून त्या गटाचे दाते शोधून आणायचे. डेटाबेसची भाषा वेगळी, एसक्यूएल. पण एका भाषेच्या पोटात दुसऱ्या भाषेची आज्ञा कशी नांदते, हेच माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. मला काम शिकवायचं तुमच्याकडे होतं; तुम्ही मला खाली टपरीवर नेलंत. बोलता बोलता वळलात, "भैया, दो कटिंग, शक्कर कम," आणि परत माझ्याकडे. "झालं! एवढंच हाय. मराठी चालू होती, मधी एक वाक्य हिंदी, परत मराठी. आज्ञेआधी एक्झेक एसक्यूएल लिहितोस ना, ती 'भैया' अशी हाक समज." मी मान हलवली, तसे रागावलात. "नंदीबैलासारखी मान नको हलवू. हाक मारून भागत न्हाय, चहा आला का बघायचं. प्रत्येक आज्ञेनंतर डेटाबेस एक आकडा देतो. शून्य आला तर काम झालं. न बघता पुढं गेलास तर रिकामा ग्लास तोंडाला लावशील."

शुक्रवारी तुम्ही उत्तनला घरी होतात. फोनवर म्हणालात, "प्रोग्राममधलं नाव आज्ञेत आलं की त्याला विसर्ग दे. म्हणजे डेटाबेसला कळतं, हा बाहेरचा पाहुणा हाय, नावाच्या आत काय ठेवलंय ते घ्यायचं." माझ्यासारख्याला कळावं म्हणून तुम्ही कोलनचा विसर्ग केलात, आणि मी तो शाळेत गिरवलेला तसा दिला, प्रत्येक नावाच्या शेवटी. शनिवारी सकाळी साहेबांसमोर स्क्रीनभर चुकाच चुका. "गाववाले, बॅग भरा," साहेब म्हणाले. तेवढ्यात तुम्ही आलात, स्क्रीनकडे पाहिलंत आणि पोट धरून हसायला लागलात. "अरे बाबा, दुःखाचा विसर्ग अक्षरानंतर असतो, ह्याचा नावाआधी!" मग हसू आवरून साहेबांकडे वळलात. "पोरानं सांगितलं तसं केलं. सांगणारा चुकला. बॅग भरायची तर माझी भरा."

साहेब खुर्ची ओढून बसले. मी एकेक विसर्ग उचलून नावाआधी आणतोय, तुम्ही शेजारी उभे. चालवण्याआधी तुम्ही छातीवर क्रूस काढलात, मी गणपतीला हात जोडले. "दोन्ही देव एकदमच लावा कामाला," साहेब पुटपुटले. शून्य आला. त्यामागून दात्यांची नावं, एकाखाली एक.

आता माझ्या हाताखाली मुलं आहेत. कुणाचं चुकलं की आधी विचारतो, "मी सांगितलं कसं होतं?" त्यांना वाटतं, ही माझी रीत.

तुम्ही गेलात तेव्हा उत्तनच्या चर्चमध्ये मी मागच्या बाकावर बसलो होतो. सगळे उठले की उठायचं, बसले की बसायचं. त्यांची प्रार्थना मला येत नव्हती. मग त्यांच्या दोन ओळींच्या मधे, ओठ न हलवता, आईनं शिकवलेलं संध्याकाळचं स्तोत्र म्हटलं. तुमच्यासाठी. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. पत्र टाकायला पत्ता नाही, ते वहीतच राहील. पण सर, ते स्तोत्र तेवढं पोचलं का? इतकी वर्षं झाली, मी अजून शून्याची वाट बघतोय.