सव्वातीनशेवा भाग

प्रिय अण्णा,

सप्रेम जयभीम. तुमचं पत्र पोचलं. बदलापूरच्या स्थळाला होकार कळवू का, असं विचारलंत. आत्याही रोज तेच विचारते आणि मी खाली मान घालून जेवते. उत्तर देणारच आहे, पण आधी आमच्या पुलाचं ऐका, नाहीतर ते नीट कळायचं नाही.

बदलापूरपलीकडच्या एका वाडीसाठी ओढ्यावर पायपूल करायचं काम आमच्या अंबरनाथच्या कारखान्याला मिळालं. शेठनी कुठूनतरी जादा ताकदीच्या पोलादाच्या प्लेटी आणल्या होत्या. स्वारी खूश. ताकद जास्त, तर गर्डर बारीक करा, माल वाचवा. मी हिशेब केला. पूल मोडत नव्हता, पण वाकत फार होता. मानकाच्या पुस्तकात सरळ लिहिलंय, तुळईचा, म्हणजे गर्डरचा, बाक तिच्या लांबीच्या सव्वातीनशेव्या भागाहून जास्त नको. मी नकाशावर सही करेना. डिझाइन ऑफिसात मी एकटी बाई, त्यात सगळ्यांत नवी. आमचे सीनियर जयदेव म्हणाले, नोकरीवर पाणी सोडायचंय का? शेठ मात्र चिडायचं सोडून गोंधळलेच. "मजबूत है तो झुकेगा क्यों, बेटा?"

अण्णा, इथेच सगळ्यांची गफलत होते. मी यार्डात दोन सारख्या पट्ट्या विटांवर आडव्या टाकल्या, एक साध्या पोलादाची, एक ताकदीची, आणि शेठनाच आळीपाळीनं दोन्हींवर उभं केलं. शेठ म्हणजे भरभक्कम असामी. दोन्ही पट्ट्या सारख्याच वाकल्या. मग हट्टानं त्यांनी दोन फिटरही सोबत चढवले. उतरल्यावर साधी पट्टी वाकडीच राहिली, ताकदीची पुन्हा सरळ झाली. म्हणजे ताकद खोटी नव्हती, पण ओझं असेपर्यंत वाकणं तिलाही चुकलं नाही. शेठ पोटावरून हात फिरवत हसले, बाक कमी व्हावा म्हणून गर्डरची उंची वाढवायला कबूल झाले आणि सगळ्यांना दालपकवान मागवलं.

परवा पूल सुरू झाला. वाडीतली पुतळीबाई डोक्यावर मोळी घेऊन गप्पा मारत पलीकडे गेली. पुलाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. मला इतका आनंद झाला, की डोळेच भरून आले.

आता स्थळाचं. मुलगा भला आहे, माझी काही तक्रार नाही. पण लग्नानंतर नोकरी सोडायची, ही त्यांची अट. तुम्ही लिहिलंत, आपली अंजना खंबीर आहे, निभावून नेईल. नेईन अण्णा, मोडणार नाही मी. पण रोज वाकेन, आणि हे ओझं उतरायचं कधी, ते मला दिसत नाही. म्हणून त्यांना नकार कळवा. किंवा थांबा, आधी गावाहून इकडे या. पुलाच्या मधोमध उभे राहा, हवं तर नाचा. माझा पूल लचकला, तर खुशाल होकार कळवा.

तुमचीच,
अंजना