चार ओहमच्या दोन पेट्या

अण्णा, तुम्ही केलेल्या दोन्ही पेट्या अजून सुस्थितीत आहेत, हे आधी सांगतो; कारण तुम्ही असता तर पहिल्यांदा तेच विचारले असते. सागवानाला कीड लागलेली नाही. आतल्या स्पीकरांचा कागद कुठेही फाटलेला नाही. पाठीमागे लाल ऑइलपेंटने तुम्ही काढलेला ४ हा आकडा आजही चार हातांवरून वाचता येतो. बिघडला तो ॲम्प्लिफायर. तुमची सूनबाई फाल्गुनात गेली. त्यानंतर तीन महिने मी तो लावला नाही, आणि ज्या दिवशी लावला त्या दिवशी त्याचा दिवाच लागला नाही. दोन कारागीर येऊन पाहून गेले. आतला ट्रान्सफॉर्मर जळाला आहे आणि तसा आता मिळत नाही, असे दोघांनीही सांगितले. मला वाईट वाटायला हवे होते; वाटले नाही. ती गेली तेव्हाही वाटले नव्हते. स्मशानातून परत आलो, आंघोळ केली, भिंतीवरच्या घड्याळाला चावी दिली. डॉक्टर म्हणाले, काही जणांचे रडणे उशिरा येते. मी वाट पाहत बसलो. पुढे माझी अशी समजूत झाली की, रोज दुपारी चार वाजता ती ज्या पेट्यांवर गाणी लावत असे, त्या पुन्हा पूर्वीसारख्या बोलल्या तर ते येईल. या समजुतीला आधार काही नाही, हे मला कळते.

मुलीचे म्हणणे वेगळे होते. पुण्याहून तिचा फोन आला. "बाबा, मी साउंडबार पाठवते. टीव्हीखाली ठेवायचा, संपलं. त्या पेट्या देऊन टाका कुणाला तरी, अर्धी खोली अडवलीय त्यांनी." मी म्हटले, "त्या तुझ्या आईच्या आहेत." ती म्हणाली, "ठीक आहे. पुढच्या रविवारी मी येतेय. तोवर त्यांना जोडायला काही मिळालं तर मिळालं. नाहीतर मी सांगेन ते ऐकायचं." मी होकार दिला. हल्ली मी लगेच होकार देतो.

त्या तिच्या आहेत, हे मी भावनेच्या भरात म्हटले नव्हते. तुम्हीच तसे ठरवून दिले होते. लग्नानंतरच्या आठवड्यात तुम्ही त्या हातगाडीवर घालून तुमच्या लाउडस्पीकरच्या दुकानातून घरी आणल्यात. आई स्वयंपाकघरात कडक भाकऱ्या थापते आहे, ही नवी नवरी पदर सावरत परातीपाशी बसली आहे, आणि तुम्ही उंबऱ्यातूनच म्हणता आहात, "सूनबाई, तुला गाणं लई आवडतं म्हणं. या दोन्ही तुझ्या. आणि ह्या मास्तराला हात लावू देऊ नको. लई वाचतो, पण बघत न्हाय." ती खाली मान घालून हसली. मी हसलो नाही. कारण तुम्ही कशाबद्दल बोलत होता, ते मला ठाऊक होते.

कॉलेजात असताना सुट्टीत मी तुमच्याबरोबर लाउडस्पीकर लावायला येत असे. तुमची एक शिस्त होती. प्रत्येक कर्ण्याच्या पाठीवर त्याचे ओझे किती ओहम, ते तुम्ही रंगाने लिहून ठेवत होता. आधी पाठ वाचायची, बेरीज-भागाकार करायचा, आणि मगच तार लावायची. वळसंगच्या लग्नात मुलीकडच्यांनी मांडवाच्या मागच्या बाजूलाही आवाज हवा म्हणून हट्ट धरला. तुम्ही जेवायला बसला होता. मी पाठ न वाचता तिसरा कर्णा जोडला. मंगलाष्टके सुरू झाली, दुसऱ्या कडव्याला ॲम्प्लिफायरमधून धूर निघाला आणि भटजींचा आवाज त्यांच्या गळ्याएवढाच उरला. मुलीचा मामा तुमच्या अंगावर धावून आला. तुम्ही म्हणालात, "चूक माझी हाय. पैसे देऊ नका." परतताना टेम्पोत तुम्ही माझ्याकडे न पाहता एवढेच बोललात, "पुस्तकातलं वाचतोस. पाठीवरचं वाचत न्हाईस. कमी ओझं म्हंजे हलकं न्हवं रं, आकडा जेवढा ल्हान, तेवढी मशीन जास्त दमती." पुढे चाळीस वर्षे मी मुलांच्या वह्यांत लाल शाईने चुका दाखवल्या. त्या टेम्पोतल्या वाक्याइतके नेमके मला काही लिहिता आले नाही.

म्हणून या वेळी मी पाठ वाचून निघालो. मीटरवर मोजले तेव्हा तीन पूर्णांक चार ओहम आले. मीटर लिहिल्यापेक्षा जरा कमीच दाखवतो, घाबरायचे नाही, हे तुमचे सांगणे लक्षात होते. आता निव्वळ ॲम्प्लिफायर फारसे कोणी ठेवत नाही; होम थिएटरचा रिसीव्हर घ्यावा लागतो, ज्याला सात-सात स्पीकरांची तोंडे असतात. नव्या पेठेतल्या पहिल्या दुकानाच्या पाटीवर तीन शब्द अशुद्ध होते. पूर्वी मी आत जाऊन ते सांगितल्याशिवाय राहिलो नसतो. या वेळी दिसले, आणि पुढे गेलो. आतल्या माणसाने खोक्यावर थाप मारली. "सर, हजार वॅटचा हाय. गल्ली हलतीय बघा." मी म्हटले, "गल्ली हलवायची नाही. खोली बारा बाय दहाची आहे." "मग व्हॉल्यूम कमी ठेवायचा की!" मी विचारले, "हजार म्हणजे सगळ्यांची बेरीज. एका बाजूला किती, आणि चार ओहमवर किती?" तो शेजारच्याला म्हणाला, "परीक्षाच हाय की आज," आणि मला म्हणाला, "चार, सहा, आठ, समदं चालतंय, सर." मी रिसीव्हर फिरवून त्याची पाठ वाचली. सहा ते सोळा ओहम, असे तिथे छापलेले होते. दुसऱ्या दुकानातही तेच झाले. तुम्ही म्हणायचा, बैल बघून जू घ्यावं, जू बघून बैल न्हाय. दोन्ही दुकानांत मला जू दाखवून बैल बदलायला सांगितले.

तिसऱ्या दुकानात गल्ल्यावर एक तरुण मुलगी होती. तिने काही न दाखवता आधी विचारले, "पेट्या मोजल्यात का, काका?" मी आकडा सांगितला. "मग चारच्याच." तिने एका रिसीव्हरची पुस्तिका काढली, पान उघडले आणि बोट ठेवले. "हा चारवर चालतो. पण सेटिंगमध्ये जाऊन चार करायचं, नाहीतर उन्हाळ्यात आपोआप बंद पडेल. तसं केलं की ताकद थोडी कमी होते. पेट्या कमी खाणाऱ्या असतील तर कळणारसुद्धा नाही." कमी खाते, जास्त बोलते, असे तुम्ही या पेट्यांविषयी म्हणत होता. तो शब्द तिच्या तोंडी आला तेव्हा माझ्या आत काही हलेल, म्हणून मी क्षणभर थांबलो. काही हलले नाही. तिने विचारले, "बाकीचे पाच स्पीकर कधी नेणार?" मी म्हटले, "नेणार नाही." "मग एवढी तोंडं मोकळीच राहणार?" "राहू द्या," मी म्हणालो.

तारा मी स्वतः जोडल्या; लाल लालला, काळी काळीला. या यंत्रांबरोबर आता एक छोटा माइक येतो. ऐकणाऱ्याचे कान जिथे असतील तिथे तो ठेवायचा. मग रिसीव्हर प्रत्येक पेटीतून खरखर सोडतो, तो माइक ती ऐकतो, आणि कोणती पेटी किती लांब आहे हे मोजून आवाज त्या जागेपुरता नेमका बसवतो. तुम्ही हे काम मांडवात टाळी वाजवून आणि मान तिरकी करून करत होता. मोजणी दोनदा अयशस्वी झाली. खोलीत आवाज जास्त आहे, अशी सूचना पडद्यावर आली. मला तर कसलाच आवाज येत नव्हता. मग लक्षात आले, मागच्या भिंतीपलीकडचे टॉवेलचे यंत्रमाग. इतक्या वर्षांत ते ऐकू येणेच बंद झाले आहे.

मी मागच्या गल्लीतून कारखान्यात गेलो आणि मालकांना दहा मिनिटे माग थांबवता येतील का, असे विचारले. ते आतल्या माणसांशी तेलुगूत मोठ्याने काही बोलले आणि एकेक माग थांबला. म्हणाले, "सर, दहा कशाला, अर्धा तास घ्या की. बाईंचं गाणं चार वाजता भिंतीतनं यायचं. आमची माणसं त्यावरच चहाला उठायची. आता कोण साडेतीनला उठतो, कोण साडेचारला. शिस्तच ऱ्हायली नाही बघा." मी आभार मानले. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले. त्यांना माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसायला हवे होते, असे मला वाटले.

माग थांबल्यावर मोजणी पूर्ण झाली. पडद्यावर यादी आली. मधला स्पीकर: नाही. मागचा डावा: नाही. मागचा उजवा: नाही. अशी पाच नाही वाचून मी संमतीचे बटण दाबले, आणि तिच्या आवडीचे पहिले गाणे लावले. पेट्या उत्तम बोलल्या. तबल्याची बोटे वेगळी ऐकू आली. कुठेही फाटले नाही, काही गरम झाले नाही. मी पलंगावरच्या माझ्या नेहमीच्या जागी बसून सगळे गाणे ऐकले. आवाजावरून, गाणारी बाई माझ्यासमोर नव्हती. ती डावीकडे, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीसमोर उभी राहून गात होती. गाणे संपले. माझे डोळे कोरडे होते. भिंतीपलीकडे माग एकेक करून सुरू झाले.

काल मुलगी येऊन गेली. तिने दोन गाणी ऐकली, साउंडबारचा विषय काढला नाही, आणि जाताना म्हणाली, "बाबा, आवाज जरा एका बाजूला येतोय का हो?" मी म्हटले, "माइक ठेवताना चुकले असेल. पुन्हा मोजून घेईन." ते पाच मिनिटांचे काम आहे, आणि कारखान्याचे मालक माग पुन्हा थांबवतील. मी ते केलेले नाही. हे कागद रिसीव्हरच्या हमीपत्राबरोबर पाकिटात ठेवतो आहे. तिथे ते कोणी वाचणार नाही. मुलीला सांगितले ते खरे नव्हते, अण्णा. माइक ठेवण्यापूर्वी वेताच्या खुर्चीत तुमची सूनबाई बसत असे तेव्हा तिचे कान किती उंचीवर येत, हे मी टेपने मोजून घेतले होते.